काळजीवरची सात पुस्तके आणि एक कोरी वही

मनीषनगर, नागपूर येथील एका भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देतो. त्या सेहेचाळीस वर्षांच्या असून एका खासगी शाळेत शिकवतात. यजमान बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि रोज मोटारसायकलने जातात-येतात. मुलगा पुण्यात शिकतो. संध्याकाळी साडेसात वाजून गेले आणि फाटकाशी गाडीचा आवाज आला नाही, की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्या फोन लावतात, उचलला नाही तर पुन्हा लावतात आणि मधल्या वेळात मुलाचे ‘लास्ट सीन’ पाहत बसतात. रात्री दोन-अडीचला जाग आली की मग डोळ्याला डोळा लागत नाही. हे दोन वर्षांपासून चालू आहे. या काळात त्यांनी काळजी कशी सोडावी हे सांगणारी सात पुस्तके विकत घेतली. प्रत्येक पुस्तकाने पहिले दोन-तीन दिवस बरे वाटले, नंतर ‘पहिले पाढे पंचावन्न’. यजमान म्हणतात, “तू वाचून वाचून आणखीच घाबरतेस.” त्यांचा प्रश्न असा आहे: “अशा पुस्तकांनी खरोखर कोणाची काळजी कमी होते का, की दोष माझ्यातच आहे?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग तुलनेने सोपा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. होय, काही पुस्तकांनी काही माणसांची काळजी कमी होते, आणि हे केवळ प्रकाशकांचे म्हणणे नाही. कोणत्या आजारावर कोणते उपचार कोणत्या क्रमाने द्यावेत हे ठरवून देणारी ‘नाइस’ नावाची संस्था ब्रिटनमध्ये आहे. तिने २०११ मध्ये अतिकाळजीच्या विकारासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत औषधे आणि प्रत्यक्ष मानसोपचार यांच्या आधीच्या पायरीवर लिखित स्वमदत साहित्याला जागा दिलेली आहे. मात्र ती जागा अटींसह दिलेली आहे. ते साहित्य कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीवर, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींत सरावाने बदल घडवून आणणाऱ्या उपचारपद्धतीवर, आधारलेले असावे. माणसाने ते निदान सहा आठवडे पद्धतशीरपणे वापरावे. आणि जमेल तिथे प्रशिक्षित व्यक्तीने आठवड्या-पंधरवड्याने वीस-तीस मिनिटे त्याच्याशी बोलून काय केले, कुठे अडले हे पाहावे, असे त्या तत्त्वांत म्हटले आहे. तुमच्या सात पुस्तकांपैकी एकाच्याही वाट्याला सहा आठवडे आलेले नाहीत, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते.

याचा दोष लगेच स्वतःकडे घेऊ नका. या व्यवहाराची रचनाच मोठी सोयीची आहे. गुण आला तर श्रेय पुस्तकाचे, आणि न आला तर वाचणाऱ्याची इच्छाशक्ती कमी पडली. काळजी करणाऱ्या माणसाला स्वतःला बोल लावण्याची सवय आधीच असते. त्यामुळे पुस्तक बाजूला पडले की त्या अपयशाची आणखी एक काळजी त्याच्या डोक्यावर बसते. जे औषध लागू पडले नाही तर रोग्याला रागे भरते, त्या औषधाबद्दल आपण एरवी काय म्हटले असते?

पुस्तके सगळी एका जातीची नसतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. ‘सेल्फ-हेल्प’ हे नाव ज्या पुस्तकामुळे रूढ झाले, ते सॅम्युएल स्माइल्स यांचे पुस्तक १८५९ चे. त्यात उद्योग, काटकसर आणि चिकाटी यांचा महिमा आहे. रात्री अडीचला छाती धडधडते तेव्हा काय करावे, हा त्याचा विषयच नव्हता. डेल कार्नेगी यांचे काळजीवरचे गाजलेले पुस्तक १९४८ मध्ये आले. त्यात बराच व्यवहारी शहाणपणा आहे, पण त्याचा मुख्य भर इतर माणसांच्या हकिगतींवर आहे, आणि अशी हकिगत वाचताना मिळणारा धीर बहुधा ती हकिगत आठवते तोवरच टिकतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ मध्ये निराळी वाट धरली. धडधड, घाम, पोटातला गोळा यांच्याशी झुंजू नका, ते येऊ द्या आणि जाऊ द्या, असे त्या रुग्णाला सांगत. डेव्हिड बर्न्स यांचे १९८० चे पुस्तक वाचकाच्या हाती पेन्सिल देते आणि त्याच्याकडून तक्ते भरून घेते. हे पुस्तक घरी देऊन, त्याचा उपयोग होतो की नाही हे पाहणाऱ्या शास्त्रीय चाचण्या अमेरिकेत झाल्या आणि त्यांत अनेकांना खरोखर गुण आला. मात्र त्या चाचण्या प्रामुख्याने सौम्य ते मध्यम नैराश्याच्या होत्या, काळजीच्या नव्हत्या. एका दुखण्यावरचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवण्याची चूक पुष्कळ लेखक करतात, ती इथे नको.

तुम्ही पाठवलेल्या यादीतील सातपैकी पाच पुस्तके ‘सकारात्मक विचार करा’ या एकाच सूत्राची आहेत. वाईट विचार आला की तो झटकून टाका आणि चांगला विचार मनात आणा, एवढेच त्यांचे सांगणे. या उपदेशाची एक अडचण प्रयोगातून दिसून आली आहे. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये टेक्सासमधील विद्यार्थ्यांना सांगितले, की पुढची पाच मिनिटे मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आणि तो आलाच तर समोरची घंटी वाजवा. घंटी वारंवार वाजत राहिली. इतकेच नव्हे, तर नंतर अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली तेव्हा, ज्यांना आधी मनाई केली होती त्यांच्या मनात तो इतरांपेक्षा जास्त वेळा आला. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मनाला दटावून गप्प बसवायला गेले की ते अधिकच चिंतू लागते, एवढी भर या प्रयोगाने त्यात घातली. साडेसातला ‘सगळे चांगलेच होणार आहे’ असे शंभरदा घोकूनही तुमचा हात फोनकडेच का जातो, याचे उत्तर बहुतेक यात आहे.

आता तुमच्या पत्रातील एका ओळीकडे वळतो, जी तुम्ही सहज लिहून गेला आहात, पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. तुम्ही लिहिता, “यांना उशीर झाला की मी पुस्तक उघडून बसते, तेवढाच जिवाला आधार.” म्हणजे साडेसात ते आठ या वेळात तुम्ही तीन गोष्टी आळीपाळीने करता: फोन लावता, मुलाचे लास्ट सीन पाहता आणि पुस्तक वाचता. या तिन्ही गोष्टींचे काम एकच आहे. जे आत्ता कळणे शक्य नाही ते कळल्याचा, किंवा निदान सोसवेल असे झाल्याचा दिलासा त्या घटकाभर देतात, आणि तो ओसरला की पुढच्या वेळी तो आणखी लवकर हवासा वाटतो. कॅनडातील मिशेल ड्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून हेच मांडले, की अतिकाळजी करणाऱ्या माणसाला संकटाइतकेच, कित्येकदा संकटापेक्षाही जास्त, ‘ठाऊक नसणे’ सोसत नाही. त्यामुळे यजमानांचे म्हणणे बोचरे असले तरी त्यात तथ्य आहे. तुमच्या हातात पुस्तक आहे, पण ते तुम्ही फोनसारखे वापरता आहात.

मग पुस्तक कसे वापरावे? गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तर ते व्यायामाच्या आकृत्या काढलेला एक कागद देतात. तो कागद दुखत असताना वाचून गुडघा बरा होत नाही आणि तसे कोणी समजतही नाही. काळजीवरचे कामाचे पुस्तक त्या कागदासारखे असते. ते शांत वेळी उघडायचे, त्यातला एक व्यायाम उचलायचा, तो पंधरा दिवस करायचा, आणि मगच पुढचे पान उलटायचे. म्हणून सातपैकी ज्यात भरायचे तक्ते आणि आठवड्यागणिक सराव आहेत, असे एकच पुस्तक निवडा. तुमच्या यादीवरून तसे एक तरी दिसते. मुखपृष्ठ साधे आहे म्हणून बहुधा तेच तुम्ही सर्वांत कमी वाचले असावे. लेखक मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्राचा रीतसर शिकलेला जाणकार आहे का, हे पाठीमागच्या पानावर पाहून घ्या. इतक्या दिवसांत कायमची मुक्ती देण्याची हमी ज्यावर छापली आहे, ते पुस्तक बाजूला ठेवा.

या प्रकारच्या पुस्तकांत बहुधा सापडणारा एक सराव तुमच्या घराला बेतून सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो तपासला होता. दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, रोज त्याच वेळी आणि त्याच जागी. एरवी दिवसभरात काळजी आली तर तिला हुसकायचे नाही, एका ओळीत टिपून ठेवायची आणि ‘तुझी वेळ संध्याकाळी’ म्हणून हातातल्या कामाला लागायचे. तुमची शाळा दुपारी सुटते आणि स्वयंपाकाला तुम्ही साडेसहाला लागता, तेव्हा साडेपाच ते सहा हा वेळ योग्य ठरेल. जागा मात्र बिछाना नको आणि देवघरही नको. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ठरवून टाका. त्या अर्ध्या तासात दिवसभराच्या टिपा पुढे घ्यायच्या आणि प्रत्येकीपुढे एवढेच लिहायचे, की यावर आज मला काही करता येते का. येत असेल तर काय आणि केव्हा, ते लिहायचे. येत नसेल तर तसे लिहायचे आणि ती काळजी तशीच, उत्तराशिवाय, वहीत राहू द्यायची. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड असतो, आणि खरे काम तोच करतो.

वहीच्या दुसऱ्या बाजूला एक तक्ता आखा. समजा, साडेसात वाजले आहेत. पहिल्या रकान्यात भीती स्पष्ट शब्दांत लिहा: ‘वर्धा रोडवर ट्रकने धडक दिली असणार.’ दुसऱ्यात, या क्षणी त्याची किती खात्री वाटते, ते शंभरपैकी लिहा. तुम्ही कदाचित सत्तर लिहाल. तिसरा रकाना यजमान घरी आल्यावर भरा: ‘कंपनीची मीटिंग लांबली’, ‘पेट्रोल भरायला थांबले’. महिनाभराने ही पाने एका बैठकीत वाचा. आपली सत्तर टक्के खात्री किती वेळा खरी ठरली, हे स्वतःच्या अक्षरात वाचण्याचा जो परिणाम होतो, तो दुसऱ्याने लिहिलेल्या तीनशे पानांनी होत नाही.

तुमची काळजी निराधार आहे असे मी म्हणत नाही. वर्धा रोड हा राष्ट्रीय महामार्ग आहे, अवजड वाहनांची वर्दळ तिथे असते, आणि दुचाकीवरचा माणूस त्या गर्दीत सुरक्षित असतो असे कोणी म्हणणार नाही. ज्या काळजीवर काही करता येते, ती करण्यासाठीच असते: चांगले हेल्मेट, गाडीचे मागचे दिवे, पावसाळ्यापूर्वी टायर, शक्य असेल त्या दिवशी कंपनीची बस. पण एक गोष्ट कठोर वाटली तरी लिहितो. साडेसातला तुम्ही लावलेला तिसरा फोन त्यांच्या खिशात वाजतो, तेव्हा ते गाडीवर असतात. तो फोन त्यांनी चालत्या गाडीवर उचलला, तर ज्या अपघाताच्या भीतीने तुम्ही फोन लावता, त्याचीच शक्यता वाढते. म्हणून दोघांनी मिळून ठरवा, की कंपनीच्या फाटकातून निघताना त्यांनी ‘निघालो’ एवढा एक संदेश टाकायचा आणि त्यानंतर तुम्ही फोन लावायचा नाही. सुरुवातीला पंधरा मिनिटे थांबणेही जिवावर येईल. पंधरा जमली की तीस करा. त्या वेळात पुस्तक उघडू नका, देवाचे स्तोत्र मोजून म्हणू नका, लास्ट सीन पाहू नका. पोळ्या करा, शाळेच्या वह्या तपासा. अस्वस्थता चढेल आणि काही वेळाने, तुम्ही काहीही न करता, उतरू लागेल. ती अशी आपोआप उतरते हे एकदा अनुभवाला आले, की निम्मे काम झाले असे समजायला हरकत नाही.

यजमानांनाही एक विनंती आहे, ती त्यांना वाचून दाखवा. “सगळे ठीक होईल ना?” या प्रश्नाला पहिल्यांदा प्रेमाने उत्तर द्यावे, सहाव्यांदा तेच उत्तर देणे म्हणजे मदत नव्हे. त्या वेळी “हे वहीत लिही, उद्या साडेपाचला बघू” असे म्हणायचे दोघांनी आधीच ठरवून ठेवलेले बरे. भर भांडणात हे वाक्य वापरले तर मात्र ते टोमण्यासारखे लागेल. आणि पुस्तकांवरून चेष्टा तेवढी थांबवावी. ज्या बाईने दोन वर्षांत सात वेळा बरे होण्याचा प्रयत्न केला, ती आळशी नक्कीच नाही.

आता पुस्तकाच्या मर्यादेबद्दल, आणि इथे मी तुम्हाला थोडा आग्रह करणार आहे. बहुतेक दिवशी आणि सहा महिने किंवा अधिक काळ काळजी आवरत नसेल, आणि तिच्या जोडीला झोप मोडणे, थकवा, चिडचिड, मान-खांदे आखडणे, लक्ष न लागणे यांपैकी तीन-चार गोष्टी असतील, तर डॉक्टर त्याकडे विकार म्हणून पाहतात. तुमच्या पत्रात झोप, थकवा, मुलांवर चिडणे आणि मानदुखी या चारही गोष्टी आहेत आणि काळ दोन वर्षांचा आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. पण इतक्यावर केवळ पुस्तकाच्या भरवशावर राहू नये, असे मला स्पष्ट वाटते. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण थायरॉइड वाढले तरी अशीच धडधड होते. तुमच्या वयात रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदलही झोप आणि मन दोन्ही हलवतात, तेव्हा पाळीविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. दिवसाचा सहा कप चहा दोनवर आणा, आणि दुपारी चारनंतर नको.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. नागपुरात त्यासाठी खिशाला न परवडणाऱ्या दवाखान्यातच जावे लागते असे नाही. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी चालते. मनीषनगरहून एम्स तुम्हाला सोयीचे पडेल. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही झोप आणि काळजीच्या तक्रारी घेऊन जाणारे पुष्कळ लोक असतात. त्या इमारतीच्या नावाने आपल्या शहरात लहानपणापासून चिडवाचिडवी चालत आली आहे, त्यामुळे तिथे जायला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. वाटत असेल तर मेडिकलला जा, पण संकोचापायी जाणेच टाळू नका. सुरुवात फोनवरून करायची असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार कधी मनात आलाच, तर वही-पुस्तक काही न पाहता त्याच वेळी घरच्यांना सांगा आणि हा क्रमांक लावा.

डॉक्टरांनी औषध दिले तर घाबरू नका. काळजीसाठी सहसा दिली जाणारी औषधे लागू पडायला काही आठवडे घेतात आणि ती मनाने मध्येच बंद करायची नसतात. शेजारणीने दिलेली झोपेची गोळी मात्र घेऊ नका. त्यांतल्या काही गोळ्यांची सवय जडते. आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. पंधरा मिनिटांच्या भेटीत त्यांना जे विचारून काढावे लागेल, ते त्यात आधीच लिहिलेले असेल, आणि सरावाचे जे पुस्तक तुम्ही निवडाल ते योग्य आहे का, हेही त्यांनाच विचारता येईल. एखाद्या समुपदेशकाने पंधरवड्यातून एकदा तुमची वही पाहिली, तर एकटीने केलेल्या सरावापेक्षा त्याचा उपयोग साधारणपणे जास्त होतो.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारले आहे, की शाळेतील एका सहकारी बाईंनी आठवे पुस्तक सुचवले आहे आणि ते बर्डीच्या बाजारात सवलतीत मिळते आहे, तर घ्यावे का. सहा आठवडे घेऊ नका. त्यानंतरही वाचावेसे वाटले तर आधी वाचनालयातून आणून चाळा, आणि भरायचे तक्ते त्यात नसतील तर दुसऱ्या दिवशी परत करा.